थांब, दोनदा

९ जानेवारी

भाऊजी,

तुम्ही फोन उचलत नाही, आणि ताई उचलते ती "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. पाठच्या बहिणीचा आवाज राँग नंबर. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला लागतं, हे एक बरं आहे. आठ वर्षं रोज सकाळी क्रेनच्या तपासणी वहीत माझ्या सहीखाली तुमची सही पडत आलीये.

आई बरी आहे, गुडघे सोडले तर. दर रविवारी तुमच्याकडे येते आणि परत आल्यावर तोंडाला कुलूप. मी विचारलं, भाऊजी कसे आहेत, तर म्हणाली, "आहेत." मी विचारलं, ताई? तर म्हणाली, "आहे." एवढ्यासाठी दोन बस बदलून जाते म्हातारी.

चौकशी संपली आणि काम पुन्हा सुरू झालं. चौदावा मजला चालू आहे. तुमच्या जागी आलेला सिग्नलवाला माणूस म्हणून चांगला आहे, पण बोलतो फार. "मॅडम, जरा डावीकडे घ्या ना, अजून थोडं, अजून थोडंसं." थोडंसं म्हणजे किती, ते पन्नास मीटर वरून मला कसं कळावं? तुमचं कसं होतं, डावीकडे तीन मीटर, दोन, एक, अर्धा. शब्द मोजून. खालची माणसं अजून मला 'वरची'च म्हणतात. माल उतरायला उशीर झाला की "आता सगळं वरचीच्या मर्जीवर" हा विनोद अजून चालतो. तुम्हीच सुरू केलेला.

भाऊजी, झालं ते झालं. तुमच्या वॉकीटॉकीची बॅटरी उतरलेली होती, हे मी नाही, सेफ्टी साहेबांनी शोधून काढलं. मला विचारलं ते मी सांगितलं. त्यात तुमचा दोष आहे असं मी कुठेही म्हटलं नाही. बॅटरी काय, कुणाचीही उतरते. सुतारकाकांचा पाय मोडला त्याचं वाईट मला तुमच्याइतकंच वाटतं. तुमचं सिग्नलवाल्याचं कार्ड काढून घेतलं, तेही मला पटलेलं नाही. पण माणसाच्या हातून चूक होते. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीही नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

ताईला सांगा, तिचा डबा माझ्याकडे आहे.

तुमची,
वरची


२९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर येईल असं धरून चालले होते, असं नाही. तरी पोस्टमन दिसला की मान वळते.

थंडी आहे. मला खोकला झालाय. शिडी चढताना पूर्वी एका दमात केबिनपर्यंत जायचे, तुम्ही खालून घड्याळ लावून बघायचात. आता मधल्या तीन फलाटांवर टेकावं लागतं. वय झालं म्हणावं तर चाळिशीसुद्धा नाही आली.

काल बसल्या बसल्या क्रेनवरचा माझा पहिला दिवस आठवला. ठेकेदार म्हणाला होता, "बाई वर बसली तर आम्ही खाली उभं राहायचं कुठं?" सगळे हसले होते. मीपण हसले होते, दुसरं काय करणार. तुम्ही तेवढे हसला नाहीत. साइटच्या मधोमध जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "पहिला माल ती माझ्या बुटापासून एका वितीवर उतरवेल. हुकली तर उद्यापासून मीही येणार नाही." सळ्यांचा भारा होता, दीड टनाचा. मी उतरवला तेव्हा माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तुम्ही खाली वाकलात, बोटं पसरून वीत लावलीत आणि वॉकीटॉकीवर म्हणालात, "अर्धी वीत जास्त आहे. पण चालेल."

हे का लिहितेय, मला माहीत नाही.

त्या दुपारबद्दल मी चौकशीत सांगितलं ते सांगितलं. पण कधी कधी वाटतं, काहीतरी ऐकू आलं असावं. वर वारा असतो ना, वाऱ्यात नीट कळत नाही.

ताईनं डब्याचं काही कळवलं नाही.

वरची


११ फेब्रुवारी

भाऊजी,

मागच्या पत्रात मी वाऱ्याचं लिहिलं. त्या दिवशी वारा नव्हता. वहीत वारा तुम्हीच लिहायचात, तेव्हा तुम्हाला माहीत आहे. एवढंच सांगायचं होतं.


२० फेब्रुवारी

भाऊजी,

आता क्रमानं सांगते. मध्येच थांबले तर पुन्हा हातात पेन धरायची नाही, म्हणून एका बैठकीत.

तुम्हाला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी मी आणि ताईनं मिळून तुम्हाला ते व्हेप आणून दिलं होतं. तुमच्या छातीचा फोटो बघून डॉक्टर चार वाक्यं बोलले आणि ताईनं घरी येऊन भांडी आपटली. आम्ही दोघींनी बाबांना जाताना पाहिलं होतं. शेवटच्या वर्षी त्यांना बिछान्यावरून मोरीपर्यंत जायला अर्धा तास लागायचा, आणि मोरीत गेले की काडी ओढल्याचा आवाज यायचा. लहानपणी मी आणि ताई त्यांची सिगारेटची पाकिटं तांदळाच्या डब्यात लपवायचो. ताई म्हणाली, हे वाफेचं यंत्र तरी बरं, जाळ नाही, राख नाही. तुम्ही कुरकुर केलीत, "बाळाची बाटली चोखल्यासारखं वाटतं," म्हणालात, पण तीस वर्षांची सिगारेट सोडलीत. आठ महिन्यांनी ती बाटलीही सोडलीत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते यंत्र माझ्या हातावर ठेवलंत. म्हणालात, "आता घरी नको. डोळ्यासमोर दिसलं तर पुन्हा हात जाईल. तू फेकून दे."

मी फेकलं नाही.

का, ते विचारलंत तर धड सांगता येणार नाही. चांगल्या वस्तूसारखं दिसत होतं, पेनासारखं, निळं. दुपारी केबिनमध्ये बसले होते. खाली काँक्रीटची गाडी उशिरा येणार होती, तासभर काही काम नव्हतं. वर एकटं माणूस काय करतं, तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कायम खाली. मी खिडक्या मोजते, शेजारच्या गच्चीवरचे कपडे मोजते. त्या दिवशी मी ते तोंडाला लावलं. खोकला आला, डोकं गरगरलं. आणि मग पाच मिनिटं सगळं स्वच्छ दिसलं, भिंगातून बघावं तसं. मला वाटलं, वाफ तर आहे. फळाचा वास तर आहे. मी कुठं सिगारेट ओढतेय?

मी आयुष्यात सिगारेटला बोट लावलेलं नाही. आजही लावलेलं नाही. माझ्यासमोर कुणी पेटवली तर मी रुमाल नाकाला लावते आणि भाषण देते. खरं सांगते, ते भाषण मी अजून देत होते, खिशात हे असताना.

तुमचं निळं यंत्र महिन्यात बिघडलं. मग मी दुसरं घेतलं. बस स्टॉपमागे मोबाईलची कव्हरं विकतात ना, तिथं. दुकानदारानं विचारलं, "कडक की साधं?" मी म्हटलं, साधं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं विचारलंही नाही, मीच कडक मागितलं. आधी फक्त वर. मग वर चढायच्या आधी, बाथरूममध्ये. मग घरी. आईला लिचीचा वास यायचा, तिला वाटायचं मी गोळ्या चघळते. "दात किडतील गं," म्हणायची. शेजारणींना सांगायची, माझी धाकटी पुरुषांत काम करते पण सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.

आता सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो. तिथं नसलं की मी अंथरूण झटकते, पलंगाखाली वाकते, आणि सापडेपर्यंत आईनं काही विचारलं तरी मी तिच्या अंगावर जाते. एकदा ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "बाजूला हो." आईला. ती बाजूला झाली.

सिगारेटवाल्याला निदान एक सिगारेट संपली हे कळतं. याला शेवटच नाही. पन्नास वेळा ओढलं की दीडशे वेळा, कोण मोजणार.

आज एवढंच. मुख्य ते राहिलंच. तुम्हाला कळलं असेल मुख्य काय ते.


५ मार्च

भाऊजी,

तुम्ही 'थांब' म्हणालात. दोनदा. मी दोन्ही वेळा ऐकलं.

त्या दुपारी लोखंडी टेकूंचा भारा होता, बाराव्यावरून तेराव्यावर न्यायचा. तुम्ही म्हणालात, डावीकडे वळव, पाच मीटर. मी वळवायला घेतलं. ते यंत्र माझ्या मांडीवर होतं. मांडीवर ठेवायला नको होतं, खिशात ठेवते एरवी, पण गेल्या काही दिवसांत खिशात ठेवण्याइतका वेळही मध्ये जात नव्हता. ते घसरलं आणि पायाशी पडलं, काचेच्या फटीकडे. मला वाटलं खाली जाईल. पन्नास मीटरवरून कुणाच्या डोक्यात पडलं तर, असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. तसं वाटलं नाही. मला वाटलं, पाच वाजेपर्यंत मी काय करू.

मी वाकले. उजवा हात खाली गेला आणि डावं कोपर क्रेन वळवायच्या दांड्यावरच राहिलं. दांडा तसाच रेटलेला. तुमचं पहिलं 'थांब' आलं तेव्हा माझी बोटं त्याला लागली होती. दुसरं आलं तेव्हा मी ते उचलत होते. मग वर बघितलं, दांडा सोडला. पण तुम्हाला माहीत आहे, क्रेनचा एवढा लांब हात लगेच थांबत नाही, स्वतःच्या वजनानं आणखी जातो. भारा सुतारकाकांच्या फळीला लागला. काका खिळा ठोकत होते, पाठमोरे. फळीसकट खालच्या मजल्यावर पडले.

तुम्ही वॉकीटॉकी टाकून धावलात. ती तिथंच चालू राहिली, संध्याकाळपर्यंत. म्हणून बॅटरी उतरली. अपघातानंतर उतरली, आधी नाही.

आणि चौकशीचं. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले.

तुम्हाला वाटत असेल, मी नोकरी वाचवायला खोटं बोलले. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. बाई आहे, चुकली असं कळलं की पुढची दहा वर्षं कुठल्या बाईला वर चढू देणार नाहीत, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. त्यात खोटं काही नाही. पण त्या खोलीत माझ्या डोक्यात हे काहीच नव्हतं. आम्हाला अडीच तास बाहेर बसवून ठेवलं होतं, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात. माझे तळवे ओले होते, जबडा आवळला होता, तुम्ही म्हणालात, "पाणी पी, घाबरू नको." मी घाबरलेली नव्हते, भाऊजी. मला ते हवं होतं. आत गेल्यावर सेफ्टी साहेबांनी विचारलं, "'थांब' ऐकू आलं का?" हो म्हटलं असतं तर पुढचे दहा प्रश्न आले असते. मग का थांबली नाहीस, काय करत होतीस, हात कुठे होता. नाही म्हटलं तर संपलं. मी नाही म्हटलं. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली आणि उठून सरळ बाथरूममध्ये गेले.

तुमचं कार्ड मी एवढ्यासाठी घालवलं. बाथरूमपर्यंत लवकर पोचावं म्हणून.

हे पत्र ताईला दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा.


३० मार्च

भाऊजी,

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही विचारण्याआधी मीच लिहिते.

मी आधी ते सोडून मग सांगायचं ठरवलं होतं. म्हणजे साहेबांसमोर बसताना तळवे ओले नकोत. लांबवायचा हाही एक मार्गच होता, हे आता कळतं. पंधराव्याचा स्लॅब पडत होता तेव्हा मी खाली येऊन ते ओल्या काँक्रीटमध्ये टाकलं, डोळ्यांदेखत बुडालं. घरी जाताना दुकानाच्या बाजूनं जायचं नाही म्हणून लांबून गेले. त्या लांबच्या रस्त्यावर दुसरं दुकान निघालं.

मग दवाखान्यात गेले. तिथं फॉर्म भरायला दिला. धूम्रपान करता का, दिवसाला किती सिगारेटी, किती वर्षांपासून. मी 'नाही'वर खूण केली, आणि खालच्या सगळ्या रकान्यांत रेघा ओढल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "मग काय सोडायला आलात?" मी पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळानं?" मी म्हटलं, "उठायच्या आधी." त्या हसल्या नाहीत. दंडावर लावायच्या पट्ट्या दिल्या, चघळायच्या गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, तीन आठवडे क्रेनवर बसू नका. मी रजा टाकली. साहेबांना सांगितलं, आईचे गुडघे. बघा, तिथंही खोटं, आणि तेही आईच्या नावावर.

सहा दिवस झाले, सातव्या दिवशी ओढलं. पुन्हा चार दिवस. पुन्हा ओढलं. डोकं असं दुखतं की डोळ्यामागे कुणी पाचर ठोकतंय. आईनं मागच्या आठवड्यात सोमवारी मला मोरीत पकडलं. मी दार लावायला विसरले होते. ती दाराशी उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "त्यांच्यासारखीच उभी राहतेस." बाबांसारखी. मी ते नळाखाली धरलं. त्यानंतर आज दहावा दिवस.

रजेत एक काम केलं. काल सुतारकाकांकडे गेले होते. तुम्ही तिथं जाता असं साइटवर ऐकलं होतं, म्हणून तुम्ही नसाल अशी वेळ बघून, दुपारी.

त्यांच्या मांडीत सळी घातलीये. कुबड्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. काकूंनी मला खुर्ची दिली आणि आत गेल्या. काका म्हणाले, "बरी आलीस. तुझ्या भाऊजींना जरा समजाव."

मी म्हटलं, "काय समजावू?"

"रोज येतात. दाढी करून देतात, उशा बदलतात. मी म्हटलं, अहो, मला हात आहेत, मोडलाय तो पाय. ऐकत नाहीत. परवा माझी नखं कापत होते, तर मध्येच थांबले आणि म्हणाले, मी आणखी मोठ्यानं ओरडायला हवं होतं. मला काही आठवत नाही बघ, मी पाठमोरा होतो. पण त्या माणसाला वाटतं माझा पाय त्यानं मोडला. झोपत नाहीत म्हणे. तुझी ताई सांगत होती."

मी खुर्चीची कड धरून बसले. मग म्हटलं, "काका, पाय त्यांनी नाही मोडला. मी मोडला." आणि सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच, यंत्रासकट.

काकांनी हात लांबवून कुबड्या जवळ ओढल्या. मग एवढंच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग. जिथं खोटं बोललीस तिथं जाऊन सांग." आणि काकूंना हाक मारली, "हिला चहा नको करू. ही निघालीये."

मी निघाले. सोमवारी रजा संपते. सोमवारी जाते.


१८ एप्रिल

भाऊजी,

सांगितलं. सोमवारी नाही झालं, मंगळवारी झालं. सोमवारी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन आले.

साहेबांनी आधी विचारलं, "घरच्यांनी दबाव आणलाय का?" मी म्हटलं, घरचे माझ्याशी बोलत नाहीत. मग त्यांनी जुना कागद काढला, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही सही कुणाची?" मी म्हटलं, "माझीच. खोटी आहे ती. म्हणजे सही खरी आहे." त्यांनी नवा कागद घेतला.

त्याच दिवशी मला खाली उतरवलं. दोन मे रोजी पुन्हा सुनावणी आहे, तुम्हालाही बोलावणं येईल. या, एवढीच विनंती. माझ्यासाठी नाही.


४ मे

ताई,

हे पत्र तुला आहे. आधीची सगळी भाऊजींना होती, ती तू उघडली नाहीस हे परवा कळलं. हे तरी उघड. सुनावणीत काय झालं ते भाऊजी तुला अर्धंच सांगतील, म्हणून मी लिहितेय. त्यांच्या बाजूचं अर्धं गाळतील, माझ्या बाजूचं नाही.

टेबलाच्या एका बाजूला सेफ्टी साहेब आणि कंपनीचे दोघे, समोर मी. भाऊजी जरा लांब. तो निळा शर्ट घातला होता, इस्त्री तूच केलेली असणार. खूप वाळलेत गं. साहेबांनी माझा नवा जबाब वाचून दाखवला. मी प्रत्येक वाक्याला हो म्हटलं. मग ते भाऊजींकडे वळले. "तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

मला वाटलं, नाही म्हणतील. नाहीच होतं माहीत, असंच मी धरून चालले होते.

भाऊजी म्हणाले, "माहीत होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तीन महिने दिसत होतं," भाऊजी म्हणाले. "तिच्या केबिनची खिडकी उघडी असायची. खालून पांढरं दिसायचं. भर दुपारच्या उन्हात कुणाच्या तोंडातून वाफ येत नाही. मी तीस वर्षं ओढलीये, मला कळणार नाही तर कुणाला?"

साहेब म्हणाले, "मग कळवलं का नाही?"

"मीच दिलं होतं तिच्या हातात. आधी वाटलं, सोडेल. मग वाटलं, आज बोलू, उद्या बोलू. मग हे झालं. झाल्यावर बोललो असतो तर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, आधी का नाही बोललास." मग टेबलाकडे बघून म्हणाले, "ती नाही म्हणाली तेव्हा मला बरंच वाटलं असेल, साहेब. नुसत्या बॅटरीवर भागलं."

ताई, ते सुतारकाकांची नखं कापायचे ते यासाठी. मी त्यांच्या माथी मारलेल्या दोषासाठी नाही, त्यांच्या स्वतःच्या दोषासाठी. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या एका 'नाही'नं त्यांची झोप उडाली. त्यांच्याकडे त्यांचं वेगळं होतं. मला राग आला, तुला खरं सांगते. तिथंच खुर्चीत बसून आला. तीन महिने बघत होतात आणि एक शब्द नाही? मग आठवलं, शब्द तर मी त्यांच्या तोंडचाही खोटा पाडला होता.

निकाल असा. माझं ऑपरेटरचं कार्ड रद्द. कायमचं. भाऊजींना लेखी ताकीद आणि कार्ड परत. मला मालाच्या गोदामात घेताहेत, येणाऱ्या गाड्यांचं वजन लिहायला. खालच्या खाली. मी घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी म्हटलं, "पत्रं मिळाली?"

"मिळाली."

"एकाचंही उत्तर दिलं नाहीत."

ते म्हणाले, "पहिल्या पत्रात तू मला माफ केलं होतंस. त्याला काय उत्तर लिहितात?"

मी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. जरा वेळानं त्यांनीच विचारलं, "आता किती दिवस?"

"त्रेचाळीस."

"मला दोन वर्षं लागली," ते म्हणाले. "म्हणजे, आठवण यायची बंद व्हायला." मग उठले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवावा तसं काहीतरी केलं, पण ठेवला नाही.

आज पंचेचाळिसावा दिवस. हे लिहिताना चार वेळा हात पर्सकडे गेला, पर्समध्ये काही नाही तरी. खोकला कमी आहे. आईला सगळं माहीत आहे. तिनं शेजारणींना काय सांगितलं, मी विचारलेलं नाही. मला माफ कर असं तुला म्हणत नाही. मला तेवढा अधिकार पोचायला वेळ आहे, आणि तुझा राग जावा असं मी अजून काही केलेलं नाही.

एकच काम आहे तुझ्याकडे. सोमवारपासून भाऊजी पुन्हा साइटवर उभे राहतील. वर माझ्या जागी नवा माणूस आलाय, मी पाहिला, तब्येतीनं चांगला आहे, कुणाशी फार बोलत नाही. दुपारी वर एकटा बसेल. भाऊजींना सांग, मान वर करून बघत जा. आणि खिडकीत काही दिसलं तर त्याच दिवशी बोला, उद्यावर टाकू नका.

त्याला राग येईल. येऊ दे.

तुझी धाकटी